‘बॅटरी पूर्ण उतरू द्या’ : एका सल्ल्याचा इतिहास

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. पहाटेचे चार वाजले असतील. पुढच्या खोलीतून ‘फुस्स’ असा आवाज आला आणि मागोमाग गोडसर पण घशाला झोंबणारा वास. धावत जाऊन पाहतो तर धाकट्याच्या रिमोटच्या गाडीची बॅटरी उशीसारखी टम्म फुगलेली, एका कडेने फाटलेली, आणि त्या फटीतून पांढरा धूर. चार्जर चालूच होता. मुलगा दोन हातांवर गादीवर झोपलेला. पत्नीने त्याला उचलून बाहेर नेले, मी बटण बंद केले, पण तोवर ज्वाळ उठली होती. शेजाऱ्यांच्या बांधकामाची वाळू दारातच पडली होती. दोन घमेली वाळू ओतली तेव्हा कुठे शांत झाले. गादीचा एक कोपरा जळाला, चार्जर गेला, भिंतीवर हातभर काळा पट्टा उमटला. माणसांना काही झाले नाही, अल्लाहची मेहरबानी.

पण पुढे मी जे केले त्याची मला आजही लाज वाटते. मी मुलावर ओरडलो. तो रडत रडत एवढेच म्हणाला, “तुमीच तो बोले थे अब्बा, पूरी उतारके रातभर लगा बोल के.”

मुलगा खरे बोलत होता. गाडी त्याच्या मामूंनी पुण्याहून पाठवली होती. बॅटरी जपून वापर म्हणून सल्ला मात्र माझा होता : चाके थांबेपर्यंत गाडी पळव, बॅटरी पूर्ण उतरू दे, मग रात्रभर चार्जिंगला लाव. माझ्या अब्बांनी मला हेच सांगितले होते आणि घरातल्या कॉर्डलेस फोनवाल्या दुकानदारानेही. दोन महिन्यांत बॅटरी इतकी उतरली की चार्जर तिला घेईनासा झाला, नुसता लाल दिवा लुकलुकत राहायचा. बाजारातल्या एका कारागिराने उपाय सांगितला, “चार्जर निकेलवर टाका, दहा मिनिटांत झटका बसेल, मग पुन्हा लिथियमवर आणा.” मी निकेलवर टाकला आणि झोपलो. दहा मिनिटांची रात्र झाली.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, विज्ञान माझा विषय नाही. पण बी.एड.ला असताना आम्हाला एक गोष्ट शिकवली होती : विद्यार्थ्याची चूक खोडण्याआधी ती कुठून आली ते शोधा. इथे चूक माझीच होती, म्हणून तिचा माग मीच काढायला बसलो. शाळेतल्या विज्ञानाच्या सहकाऱ्यांना विचारले, वाचले. तेव्हा ध्यानात आले की मी दिलेला प्रत्येक सल्ला एके काळी बरोबर होता. फक्त तो वेगळ्या बॅटरीसाठी होता.

उन्हात ठेवलेले सेल

आमच्या लहानपणी ‘बॅटरी’ म्हणजे टॉर्च. रात्री शेतात जायचे तर “बॅटरी घेऊन जा” म्हणत. तिच्यात घालायचे ते सेल. सेल उतरले की अम्मी ते पत्र्यावर उन्हात ठेवायची आणि संध्याकाळी ते थोडा वेळ पुन्हा पेटायचे. हा भ्रम नव्हता. त्या सेलची वंशावळ फ्रान्सच्या लेक्लांशेने १८६६ मध्ये बनवलेल्या जस्त आणि मँगनीजच्या घटापर्यंत जाते. ऊब मिळाली की त्याच्यातली मंदावलेली रासायनिक क्रिया जरा वेग धरते. तो सेल पुन्हा भरायचा नव्हताच, त्यामुळे ऊन दाखवण्यात गमावण्यासारखे काही नव्हते.

पुन्हा भरता येणारी बॅटरी मात्र त्याहून थोडी जुनी आहे. १८५९ मध्ये फ्रान्सच्याच गास्तों प्लांते यांनी शिसे आणि आम्ल वापरून ती केली. आपल्या मोटारीत आणि इन्व्हर्टरला आजही तीच असते. १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्ला यांनी पाण्याच्या हौदात एक छोटी बोट सोडली आणि कुठलीही तार न जोडता रेडिओ लहरींनी ती वळवून दाखवली. त्या बोटीच्या पोटात बॅटऱ्याच होत्या. माझ्या मुलाच्या गाडीची खापरपणजी म्हणायची ती हीच. गाडीला दुरून हुकूम देण्याचा प्रश्न तेव्हाच सुटला होता. अडचण पुढची सत्तर-ऐंशी वर्षे वजनाची होती. हुकूम हवेतून येतो, पण ताकद गाडीला स्वतःच्या पाठीवरच वाहावी लागते.

निकेलची सवय

१८९९ मध्ये स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी निकेल आणि कॅडमियमची बॅटरी केली. ती दणकट होती, मोठा प्रवाह एकदम देई आणि शेकडो वेळा भरता येई. खेळण्यातल्या गाड्यांना जे हवे होते ते तिच्यात होते. १९७६ मध्ये जपानच्या तामिया कंपनीने पोर्शे ९३४ ही १/१२ मापाची रेडिओवर चालणारी गाडी बाजारात आणली आणि हा छंद घराघरांत गेला. १.२ व्होल्टचे सहा सेल एका ओळीत बांधून ७.२ व्होल्टचा संच, हे त्या काळातल्या छंदाचे ठरलेले माप झाले. या कंपनीच्या इतिहासात बॅटरीने खेळण्याचे मापच ठरवल्याची एक गोष्ट आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी पँथर रणगाड्याचे मॉडेल केले, तेव्हा आत दोन सेल आणि मोटर मावावी एवढा त्याचा आकार ठेवला. नंतर मोजले तर तो खऱ्या रणगाड्याच्या १/३५ भरला. पुढे जगभर लष्करी मॉडेलांचे तेच प्रचलित माप झाले.

आता माझ्या सल्ल्याकडे येतो. निकेल-कॅडमियमच्या बॅटरीला एक खोड होती. ती रोज थोडीशीच वापरून पुन्हा पुन्हा भरत राहिले तर काही काळाने तेवढ्याच टप्प्यावर तिचा जोर खचायचा. जणू तिने तेवढेच काम लक्षात ठेवले आहे. ही खोड उपग्रहांवरच्या बॅटऱ्यांत आढळली होती, कारण तिथे प्रत्येक प्रदक्षिणेत बॅटरी अगदी ठरावीक वापरली जाते आणि ठरावीकच भरली जाते. लोकांनी तिला ‘मेमरी’ हे नाव दिले. घरगुती वापरात ती क्वचितच त्या शुद्ध स्वरूपात दिसे, पण उपाय सर्वांच्या तोंडी बसला : पूर्ण उतरवा, मग भरा. गाड्यांच्या शर्यती लावणारे लोक तर मोटारीचे दिवे जोडून उरलीसुरली वीज जाळून टाकत आणि मगच बॅटरी चार्जरला लावत. १९९० च्या दशकात कॉर्डलेस फोन आणि सुरुवातीचे मोबाइल आपल्याकडे आले तेव्हा हा सल्ला त्यांच्याबरोबरच आला. दुकानदार तो खोक्यासोबत फुकट देत.

रात्रभर चार्जिंगची सवयही तिथलीच. साध्या चार्जरमधून मंद प्रवाह जाई, संच भरायला चौदा-पंधरा तास लागत, आणि थोडे जास्त झालेले ती बॅटरी उष्णतेच्या रूपाने सोसून घेई. नंतरच्या जलद चार्जरना थांबायचे कधी हे कळावे म्हणून एक युक्ती वापरली गेली. निकेलचा सेल पूर्ण भरला की त्याचा दाब वाढायचा थांबून किंचित खाली येतो. चार्जर तो उतार पकडतो आणि बंद होतो.

इथे मी वाचताना थांबलो. लिथियमचा सेल भरल्यावर असा उतार दाखवतच नाही. म्हणजे त्या रात्री निकेलवर टाकलेला आमचा चार्जर कधीच न येणाऱ्या खुणेची वाट पाहत होता, आणि वाट पाहता पाहता आधीच जखमी झालेल्या बॅटरीत वीज कोंबत होता.

आगीतून आलेली बॅटरी

लिथियम हा सर्वांत हलका धातू, आणि इलेक्ट्रॉन सोडून द्यायला अतिशय उतावीळ. म्हणून बॅटरीसाठी उत्तम आणि म्हणूनच धोक्याचा. १९७० च्या दशकात तेलटंचाईच्या दिवसांत अमेरिकेच्या एक्सॉन या तेल कंपनीत स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी टायटेनियम डायसल्फाइड आणि लिथियम धातू यांची पुन्हा भरता येणारी बॅटरी केली. दोन व्होल्टहून थोडा जास्त दाब मिळाला. पण पुन्हा पुन्हा भरताना लिथियम पूर्वीसारखे सपाट बसेना. त्याला केसाळ फांद्या फुटत, त्या मधला पडदा भेदून पलीकडे टेकत आणि आतल्या आत शॉर्ट सर्किट होई. त्या प्रयोगशाळेत इतक्या वेळा आग लागली की, अग्निशमन दलाने लिथियमची आग विझवायला लागणाऱ्या खास रसायनांचे पैसे प्रयोगशाळेकडूनच वसूल करू असा इशारा दिला होता. पुढे १९८० च्या दशकात कॅनडाच्या मोली एनर्जी कंपनीने लिथियम धातूच्या बॅटऱ्या विकायला काढल्या. १९८९ मध्ये जपानमध्ये मोबाइल फोनमधल्या अशा बॅटरीने पेट घेतला, माल परत मागवावा लागला आणि कंपनी डबघाईला आली.

वाट दुसरीकडून निघाली. १९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोबाल्ट ऑक्साइडच्या थरांमध्ये लिथियम ठेवता-काढता येते हे दाखवले. दाब थेट चार व्होल्टपर्यंत गेला. लहानपणी ज्याला धड वाचता येत नव्हते, असा हा मुलगा. शिक्षक म्हणून मी हे वाचून जरा वेळ गप्प बसलो. त्याच सुमारास फ्रान्सच्या ग्रनोब्ल इथे मोरोक्कोच्या फेझ शहरातून आलेले तरुण संशोधक रशीद याझमी यांनी दुसऱ्या टोकाचे उत्तर शोधले : लिथियमला ग्रॅफाइटच्या थरांत ये-जा करता येते. आज तुमच्या-माझ्या फोनमध्ये ऋण टोकाला बहुतेक ग्रॅफाइटच असते. २०१४ मध्ये त्यांना गुडइनफ, योशिनो आणि निशी यांच्यासोबत अभियांत्रिकीचे ड्रेपर पारितोषिक मिळाले, पण २०१९ च्या नोबेलच्या यादीत त्यांचे नाव नाही.

जपानच्या आसाही कासेई कंपनीत अकिरा योशिनो यांनी कोबाल्ट ऑक्साइडच्या समोर कार्बन ठेवला. आता लिथियम धातूच्या रूपात नव्हतेच. त्याचे आयन दोन घरांमध्ये फक्त ये-जा करत. १९८६ मध्ये स्फोटकांच्या चाचणीसाठी असलेल्या जागी त्यांनी या बॅटरीवर लोखंडाचा जड तुकडा टाकून पाहिला. काही झाले नाही. लिथियम धातूच्या बॅटरीवर तोच तुकडा टाकल्यावर मात्र भडका उडाला. लिथियम-आयन बॅटरीचा खरा जन्म त्या क्षणी झाला, असे योशिनो मानतात. १९९१ मध्ये सोनीने ती बाजारात आणली. व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. स्टॉकहोममध्ये त्यांच्या वतीने नोबेल व्याख्यान दिले ते तमिळनाडूत जन्मलेल्या अरुमुगम मंथिराम यांनी.

या इतिहासातून मला एक कळले. लिथियम-आयन सुरक्षित झाली ती स्वभाव बदलून नव्हे, तिला हद्दी घालून. कोबाल्ट ऑक्साइडच्या थरांतून साधारण निम्मेच लिथियम काढता येते. त्यापेक्षा जास्त ओढले तर थर ढासळू लागतात आणि प्राणवायू सुटतो. ही वरची हद्द म्हणजे चार्जरवरचे ४.२ व्होल्ट. खालची हद्द सुमारे ३ व्होल्ट. त्याच्या फार खाली नेले तर ऋण टोकाचा तांब्याचा पत्रा विरघळू लागतो, आणि पुढच्या चार्जिंगला ते तांबे भलतीकडे जमून आतल्या शॉर्ट सर्किटची तयारी करते. म्हणून बराच खाली गेलेला सेल चार्जर नाकारतो. तो लुकलुकणारा लाल दिवा चार्जरचा बिघाड नव्हता, इशारा होता. आम्ही त्याला ‘झटका’ देऊन गप्प केले.

पिशवीतली बॅटरी आणि तिची निगा

फोन आणि लॅपटॉपच्या बॅटरीत या हद्दी राखणारे छोटे सर्किट बसवलेले असते. छंदाच्या गाड्यांत २००० नंतर आलेली लिथियम-पॉलिमर बॅटरी, म्हणजे लोकांच्या तोंडची लिपो, वेगळी आहे. तिला धातूचे डबडे नसते, पातळ अॅल्युमिनियमच्या थराची पिशवी असते. वजन वाचावे आणि प्रचंड प्रवाह मिळावा म्हणून बहुतेक संचांत ते राखणदार सर्किटही नसते. राखण करायची ती चार्जरने, गाडीतल्या स्पीड कंट्रोलरने आणि आपण. आमच्या गाडीच्या कंट्रोलरवर निकेल आणि लिथियम अशी निवड होती. ती निकेलवर राहिली होती. लिथियमवर ठेवली असती तर बॅटरी खालच्या हद्दीला आल्यावर गाडी आपोआप थांबली असती.

आता आमच्या घरी जे नियम आहेत ते कारणांसह लिहितो. ज्यांच्या घरी अशा गाड्या, ड्रोन किंवा शाळेच्या प्रकल्पाच्या बॅटऱ्या असतील त्यांना उपयोग होईल.

पहिला, गाडी मंदावली की थांबवायची. पूर्ण उतरवायची नाही. लिथियमला ‘मेमरी’ची ती खोड नाही, अर्धी वापरून भरली तरी चालते, उलट तिला ते मानवते.

दुसरा, चार्जर लिथियमवर आणि सेलची संख्या बरोबर. आमचा संच दोन सेलचा, ७.४ व्होल्टचा, भरल्यावर ८.४. सोबतची बारीक पांढरी जोडणी प्रत्येक सेलचा दाब वेगळा पाहण्यासाठी असते, ती दर वेळी लावायची. ती नसेल तर एकूण ८.४ बरोबर दिसूनही एक सेल हद्दीबाहेर आणि दुसरा उपाशी असू शकतो. प्रवाह संचाच्या क्षमतेइतकाच : २२०० मिलीअँपिअर-तासांच्या संचाला २.२ अँपिअर. साधारण तासाभरात काम होते, रात्र लागत नाही.

तिसरा, चार्जिंग जागेपणी आणि नजरेसमोर. फरशीवर, गादी-पडद्यांपासून दूर, शेजारी कोरड्या वाळूची बादली. गाडी पळवून आणल्यावर बॅटरी गरम असेल तर आधी निवू द्यायची.

चौथा, आठवडाभर खेळायचे नसेल तर बॅटरी भरून किंवा रिकामी ठेवायची नाही, साधारण अर्धी ठेवायची, प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास. बऱ्याच चार्जरवर यासाठी ‘स्टोरेज’ अशी सोय असते. पूर्ण भरलेली बॅटरी उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत पडून राहिली की आतले द्रव विघटित होऊन वायू धरतो. आमच्या सोलापूरच्या मे महिन्यात तर ती फुगायला निमित्तच लागत नाही. अम्मीचा उन्हाचा उपाय इथे उलटा आहे : गारवा हवा, ऊन नको. पण बर्फाइतक्या थंडीत भरायचीही नाही, कारण तेव्हा लिथियम ग्रॅफाइटच्या आत न शिरता वरच धातू होऊन साचते, आणि व्हिटिंगहॅम यांच्या काळातला धोका परत येतो.

पाचवा, फुगलेली, दबलेली, पिशवीला भोक पडलेली बॅटरी संपली असे समजायचे. टोचून वायू काढायचा नाही, दाबून सपाट करायची नाही, कचऱ्याच्या गाडीत टाकायची नाही. आपल्या देशात २०२२ पासून बॅटरी कचऱ्याचे वेगळे नियम आहेत. ती ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यायची, आणि तोवर घराबाहेर वाळूत ठेवायची.

प्रवासाचेही एक सांगतो, कारण मुलाचे मामू विमानाने येताना सुटा संच मोठ्या बॅगेत टाकणार होते. सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानातच न्यायच्या असतात, टोके झाकून. चेक-इनच्या सामानात चालत नाहीत. हा नियमही आगींच्या अनुभवातूनच आला आहे.

वर्गात

त्या पहाटेनंतर मुलाने महिनाभर गाडीला हात लावला नाही. मी त्याची माफी मागितली, तेव्हा तो गोंधळला. बापाने माफी मागायची असते हे त्याला ठाऊक नव्हते, आणि ते शिकवायचे माझ्याकडूनच राहिले होते. नंतर आम्ही दोघांनी मिळून कंट्रोलरची निवड बदलली, नवा संच घेतला, आणि वरचे नियम त्याने मराठीत आणि उर्दूत एका कागदावर लिहून चार्जरच्या वर चिकटवले. उर्दूत एक शुद्धलेखनाची चूक आहे, ती मी तशीच ठेवली आहे.

जुलैत शाळेत विज्ञान प्रदर्शनाची तयारी सुरू झाली. नववीतल्या दोन मुलांनी बॅटरीवरची गाडी करायची ठरवली आणि त्यांतला एक माझ्यासमोरच दुसऱ्याला म्हणाला, “आधी पूर्ण उतरव, मग रात्रभर लाव.” हा सल्ला त्याला घरून मिळाला होता, जसा मला मिळाला, जसा मी पुढे दिला. मी मराठीचा तास बाजूला ठेवला आणि त्या वर्गाला ही सगळी हकिकत सांगितली, जळालेल्या गादीसकट.

एका मुलीने विचारले, “सर, मग तुमच्या अब्बांनी चूक सांगितलं होतं का?”

मी म्हणालो, “नाही. त्यांच्या बॅटरीला ते बरोबर होतं. त्यांनी मला नियम सांगितला, पण कारण सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.” तिने वहीत काहीतरी लिहून घेतले. त्या दोन मुलांना मी गाडीची बॅटरी दाखवायला सांगितले आणि तिच्यावर काय छापले आहे ते मोठ्याने वाचायला लावले.